हेड गॅस्केट की जुनं इंजिन?

खंबाटकी घाट चढताना मित्राची जुनी टर्बो डिझेल तापली. कूलंट कमी, सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधली सीलबंद पट्टी, गेलंय. आता हेड उतरवायचं की दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचं, यावर तो अडलाय.

खर्चात गॅस्केट बहुधा स्वस्त. पण खरा खर्च हेडमध्ये असतो. ॲल्युमिनियमचं हेड तापलं की वाकतं. सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) ते माझ्यासमोर मोजा, असं मेकॅनिकला सांगा. तडा आहे का, हे प्रेशर टेस्टमध्ये कळतं. बोल्ट नवेच घ्या. बऱ्याच इंजिनांत ते ताणून बसवलेले असतात, पुन्हा तसे धरत नाहीत. डिझेलमध्ये गॅस्केटची जाडीही वेगवेगळी असते, कडेच्या खाचा किंवा भोकं बघून घ्यावी. पुण्यात नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानातून नुसतं मॉडेल सांगून आणू नका.

टिकाऊपणात नीट केलेलं हेड मला जास्त भरवशाचं वाटतं. दुसऱ्या गाडीच्या जुन्या इंजिनाचा इतिहास विकणाराच सांगणार! कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय इंजिन नंबर बदलल्याने आरटीओची नोंद आणि विम्याची दुरुस्ती आलीच.

तडा नसेल, गाडी वेळेत थांबवली असेल, तर गॅस्केटच बदला. तापलेली गाडी तशीच पुढे रेटली, सिलिंडरला ओरखडे पडले किंवा ब्लॉकच वाकला, तरच इंजिन शोधा. दोन्हींत रेडिएटर आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) आधी तपासा.