गोरखचिंच आणि किगेलिया: पोटासाठी कोणते फळ, त्वचेसाठी कोणते?

आफ्रिकी फळांपासून केलेली चूर्णे, तेले आणि मलमे आता आपल्याकडेही घरबसल्या मागवता येतात आणि त्यांत बाओबाब व किगेलिया ही दोन नावे वारंवार शेजारी-शेजारी दिसतात. झाडे म्हणून दोन्ही आपल्या ओळखीची आहेत. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. आणि लांब देठांना दुधीसारखी जड फळे लोंबणारा किगेलिया शहरांत रस्त्यांच्या कडेला व उद्यानांत शोभेसाठी लावलेला असतो. निवड करताना सर्वांत आधी एक फरक ध्यानात घ्यावा: गोरखचिंचेचा गर खाण्याचा आहे, तर किगेलियाचे कच्चे फळ विषारी असून त्याने तीव्र जुलाब होतात.

गोरखचिंचेचा आंबट गर कवचाच्या आत झाडावरच सुकतो, त्यामुळे चूर्ण करण्यासाठी तो वेगळा वाळवावा लागत नाही. सेनेगलमध्ये तो पाण्यात कालवून ‘बुय’ नावाचे पेय करतात, आणि पश्चिम आफ्रिकेत ताप व अतिसारावर तो पिढ्यानुपिढ्या दिला जातो. युरोपीय संघाने २००८ साली या सुक्या गराला अन्नघटक म्हणून मान्यता दिली. त्यात क जीवनसत्त्व व तंतू भरपूर असतात; तरीही केवळ क जीवनसत्त्वासाठी महागडे आयात चूर्ण घ्यावे असे मला वाटत नाही, कारण आवळा ती गरज उत्तम भागवतो. अतिसारात तर जलसंजीवनीची जागा हे पेय घेऊ शकत नाही. बियांचे तेल मात्र कोरड्या त्वचेसाठी व रुक्ष केसांसाठी खरोखर उपयोगी आहे, कारण त्यातील ओलिक, लिनोलिक व पामिटिक आम्लांमुळे त्वचा मऊ राहते आणि तिच्यातील ओलावा टिकतो.

किगेलियाची परंपरा मुख्यतः बाह्य उपचाराची आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागात फळ वाळवून, कुटून त्याचा लेप जखमा, व्रण, इसब आणि बुरशीजन्य विकारांवर लावतात. झांबेझी खोऱ्यातील टोंगा स्त्रिया चेहरा नितळ राहावा म्हणून ते वापरतात. केनियातील किकुयू लोक ‘मुराटिना’ हे मधाचे मद्य आंबवताना हेच फळ वापरतात, पण तेही आधी सुकवून आणि प्रक्रिया करून. फळातील वर्मिनोसाइड या घटकाचा दाहशामक गुण प्रयोगशाळेत दिसून आला आहे, त्यामुळे लेपाच्या परंपरेला काही आधार निश्चितच मिळतो. त्वचेच्या कर्करोगासंबंधीचे दावे मात्र प्रामुख्याने प्रयोगशाळेतील पेशींवरच्या निरीक्षणांवर उभे आहेत. वाढणारा, रंग बदलणारा किंवा रक्त येणारा डाग असेल, तर मलम लावून वाट पाहण्यात मौल्यवान वेळ जातो. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे. स्तन घट्ट होण्याच्या जाहिरातींना माणसांवरील विश्वासार्ह चाचण्यांचा आधार नाही.

हिंदी पट्ट्यात हेच फळ ‘बालम खीरा’ या नावाने मुतखड्यावर दिले जाते आणि तो सल्ला आता आपल्याकडेही पसरतो आहे. रस्त्यावरचे फळ आणून घरी त्याचा रस काढणे धोक्याचे आहे, आणि गर्भवती स्त्रियांनी तर ते पोटात घेण्याचा विचारही करू नये.

म्हणून पोटात घ्यायचे असेल तर गोरखचिंच, तीही साखर न मिसळलेल्या शुद्ध गराच्या रूपात. कोरड्या त्वचेसाठी तिचेच थंड पद्धतीने काढलेले तेल. इसबासारख्या विकारावर किगेलिया लावून पाहायचा असेल, तर तयार मलम वैद्यकीय सल्ल्याने घ्यावे आणि चेहऱ्याला लावण्यापूर्वी हाताच्या आतील बाजूस थोडेसे लावून एक-दोन दिवस पाहावे. विकत घेताना वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. प्रमाणाने जास्त असलेले घटक त्या यादीत आधी येतात, म्हणून किगेलियाचा अर्क सुगंधी द्रव्याच्याही नंतर लिहिलेला असेल, तर त्या मलमात तो बहुधा नावापुरताच असतो.