रीबूट लागणार हे आधी कोण सांगतं: उबंटू, अल्मा की सुसे?

सेंटओएस 7 या सर्व्हरवरच्या लिनक्सचा पाठिंबा 30 जून 2024 ला संपला, तरी सांगली-मिरजेकडे माझ्या ओळखीच्या काही ऑफिसांत तो अजून बिनघोर चालू आहे. ‘आता त्याजागी कोणतं लिनक्स टाकू, उबंटू, अल्मा की सुसे?’ असे फोन येतात ते तिथूनच. वेग, पॅकेजं, सपोर्टची वर्षं हे तुम्ही पाहून ठेवलं असेलच. मी एकाच गोष्टीबद्दल बोलतो. अपडेट मारण्याआधी, त्यानंतर मशीन बंद-चालू करावं लागणार की नाही, हे कळतं का?

मुद्दा फुटकळ वाटेल. रात्री दोनला रीबूट टाका, कोण बघतंय, असा सल्ला सगळेच देतात. पण मी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा सर्व्हर बघतो. गळीत हंगामात तिथे रात्री दोनलाही उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते. सर्व्हर जुना. रीबूट म्हटलं की आधी रॅम तपासणार, मग रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं) एकेक डिस्क शोधणार, मग कुठे लिनक्सची पाळी. तोवर काट्यावरचा क्लार्क वजनं वहीत उतरवतो, मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवतात, आणि ती वजनं नंतर कॉम्प्युटरवर चढवताना एखादा आकडा इकडचा तिकडे झाला की शेतकरी दारात. त्यामुळे अपडेटचं नाव काढलं की शेती ऑफिसचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “काटा थांबणार का?” याचं उत्तर मला आधी द्यावं लागतं.

उबंटू याबाबत नेटका आहे, पण उशिरा बोलतो. अपडेट झालं की व्हार-रन फोल्डरमध्ये रीबूट-रिक्वायर्ड नावाची फाइल तयार होते, कोणत्या पॅकेजमुळे ते शेजारच्या फाइलीत, आणि पुढच्या लॉगिनला ‘सिस्टीम रीस्टार्ट रिक्वायर्ड’ची ओळ. 22.04 मध्ये वर नीडरीस्टार्टची (काय पुन्हा सुरू करायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रामची) जांभळी चौकटही येते. लाइट गेल्यावर ‘आज लाइट जाणार आहे’ असा मेसेज यावा, तसला प्रकार. आधी कळून घ्यायचं तर अपग्रेड होणाऱ्या पॅकेजांची यादी नजरेखालून घालायची आणि लिनक्स-इमेज (म्हणजे कर्नल, सिस्टीमचा गाभा) किंवा लिबसी-6 (म्हणजे ग्लिबसी, जवळपास सगळे प्रोग्राम वापरतात ती मूळ लायब्ररी) दिसलं की ओळखायचं. सरावाने जमतं, पण अंदाज तो अंदाजच. डीबससारखं (प्रोग्रामांचे निरोप एकमेकांना पोचवणारी सेवा) एखादं नाव यादीत नजरेआड होतं. अपडेट आज मार, रीबूट रविवारी कर, असंही म्हणतात. करता येतं, पण तोवर डिस्कवर नवा कर्नल आणि मेमरीत जुनाच, म्हणजे सुरक्षेचं भोक बुजलं ते कागदावर. रीबूट न करता चालू कर्नल दुरुस्त करणारा उबंटू प्रोचा लाइव्हपॅच वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत फुकट आहे, पण तो कर्नलच्या गंभीर दोषांपुरता. ग्लिबसीला त्याचा उपयोग नाही.

अल्मा, रॉकी (दोन्ही सेंटओएसच्याच वळणाची) मधल्यामध्ये. नीड्स-रीस्टार्टिंग ही कमांड ‘आर’ लावून चालवलं की रीबूट हवं असेल तर एक, नको असेल तर शून्य परत येतो. स्क्रिप्टला झकास. फक्त तेही अपडेटनंतरच. त्यांच्या ॲडव्हायजरीत (अपडेटसोबतच्या सूचनापत्रात) ‘रीबूट सजेस्टेड’ अशी खूण असू शकते, पण 8 आणि 9 मध्ये साध्या डीएनएफ (तिथला पॅकेज टाकणारा प्रोग्राम) अपग्रेडच्या ‘हो की नाही’च्या पडद्यावर ती मला दिसत नाही.

आता सुसे, म्हणजे माझ्या बाबतीत ओपनसुसे लीप. झिपरला, म्हणजे तिथल्या पॅकेज टाकणाऱ्या प्रोग्रामला, पॅचची (एका दुरुस्तीची पॅकेजं एकत्र बांधलेली मोट) यादी मागितली की ‘इंटरॲक्टिव्ह’ नावाचा एक रकाना येतो आणि ज्या पॅचला रीबूट लागणार त्याच्यासमोर तिथे ‘रीबूट’ असं लिहिलेलं असतं. झिपर पॅच चालवलं तरी होकार देण्याआधी हे पॅच वेगळे काढून दाखवतो. माझ्यापुरता निकाल लावला तो मात्र झिपर पॅचच्या ‘स्किप-इंटरॲक्टिव्ह’ या पर्यायाने. रीबूटवाले पॅच बाजूला राहतात, बाकीचे मी भरदिवसा लावून टाकतो. राहिलेले अवकाळी पाऊस पडून ऊसतोड थांबली आणि काट्यावर गाडी नसली की लावायचे. शेती ऑफिसला मी आता आधी फोन करतो. स्क्रिप्टसाठी: झिपरने 102 परत दिला म्हणजे रीबूट हवं. 103 आला तर झिपर स्वतःच बदललाय, पुन्हा चालवा.

खोट नाही असं नाही. ही खूण पॅचला असते, त्यामुळे झिपर अपडेटच्या (पॅच सोडून थेट पॅकेजं चढवणाऱ्या कमांडच्या) सवयीने गेलात किंवा बाहेरची रेपो (पॅकेजांचं भांडार) जोडलीत, तर तिथे तिचा भरवसा नाही. टम्बलवीडला (ओपनसुसेच्या सतत बदलत्या आवृत्तीला) तर पॅचच नसतात. सॉफ्टवेअर विकणारे “उबंटूच टाका” म्हणतात, आणि कॉलेजातून नवीन येणाऱ्या पोरांना झिपर दाखवावा लागतो. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात मी स्वतः उबंटूच ठेवलाय. सौदे दिवसा होतात, संध्याकाळनंतर त्या सर्व्हरला कोणी विचारत नाही, मग रीबूटची बातमी उशिरा आली म्हणून बिघडत नाही. तुमचं काम तसं असेल तर उगाच बदलू नका. पण ज्या मशीनपुढे रात्रीही माणसं उभी असतात, तिथे मी तरी लीपच टाकेन. आधी एखाद्या रिकाम्या मशीनवर महिनाभर नुसती पॅचची यादी बघत राहा. तो रकाना कितीदा भरतो, ते तुमच्या डोळ्यांनी दिसेल.