देणाऱ्या शेजाऱ्यांचा ताळमेळ: फोर्टमधल्या सहा शनिवारांच्या वर्गाविषयी

गोवंडीत कुपोषित मुलांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेला युरोपातल्या तीन शेजारी देशांमधून निधी येतो आणि तिघांचेही अहवाल लिहिण्याचे काम गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. त्यामुळे ‘देणगीदार देशांच्या विकास साहाय्य धोरणांतील समन्वय’ या विषयावर फोर्टमधल्या एका अभ्यासकेंद्राने वर्ग जाहीर केला, तेव्हा साडेचार हजार रुपये शुल्क पदरचे भरून मी लगेच नाव नोंदवले. वर्ग मनापासून आवडला. एका बाबतीत मात्र तो अपुरा वाटला, आणि ती बाब माझ्या दृष्टीने किरकोळ नाही.

शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवात व्याख्यांनी न करता टांझानियातल्या किबाहापासून केली, हे फार बरे झाले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन या चार देशांनी दार-ए-सलामजवळ एकत्र येऊन शाळा, आरोग्यकेंद्र आणि शेतकरी प्रशिक्षण केंद्र उभारले व १९७०मध्ये ते टांझानियाच्या हवाली केले. शेजारी देशांनी मिळून मदत करण्याची कल्पना, देणगीदारांनी आपली मदत एकमेकांशी जुळवावी असे सांगणाऱ्या २००५च्या पॅरिस जाहीरनाम्याच्या किती तरी आधीची आहे, हे त्या एका उदाहरणाने पटले. पुढे नॉर्डिक म्हणजे उत्तर युरोपातले हे देश आणि नेदरलँड्स, ब्रिटन, आयर्लंड यांच्या ‘नॉर्डिक प्लस’ गटाने एकाच करारात अनेकांचा निधी कसा बांधायचा आणि एका देशाने दुसऱ्याच्या वतीने काम कसे पाहायचे, याची कार्यपद्धती ठरवली. आफ्रिकेतल्या मलावीत स्वीडनचा पैसा नॉर्वेच्या दूतावासामार्फत खर्च होत असे. त्या व्यवस्थेत मलावीच्या अधिकाऱ्यांना दोन शिष्टमंडळांऐवजी एकाशीच बोलावे लागत असणार, या विचाराने मला त्यांचा हेवा वाटला.

तिसऱ्या शनिवारचा सराव अजून डोळ्यांसमोर आहे. आम्हा वीस जणांचे चार गट करून प्रत्येकाला एकेक देणगीदार देश दिला आणि टेबलावर आरोग्य, शिक्षण, रस्ते, सिंचन, जमिनीच्या नोंदी अशा चिठ्ठ्या मांडल्या. युरोपीय संघाच्या २००७च्या आचारसंहितेनुसार एका देणगीदाराने एका देशात तीनच क्षेत्रे निवडायची असतात. पाच मिनिटांत चारही गटांच्या हातात आरोग्य आणि शिक्षण होते, जमिनीच्या नोंदींना कुणी हात लावला नव्हता, आणि आरोग्य सोडून द्या म्हटल्यावर खरोखरीचे मंत्री असल्यासारखे सगळे हटून बसले. आपापल्या देशातल्या करदात्याला दाखवण्यासारखे काम प्रत्येकालाच हवे असते. देणगीदारांनी क्षेत्रे आपसात वाटून घेण्याची ही श्रमविभागणी कागदावर मान्य होऊन प्रत्यक्षात का अडते, हे त्या अर्ध्या तासात जितके कळले तितके मला इतक्या वर्षांच्या पत्रव्यवहारातून कळले नव्हते.

चौथ्या शनिवारी उट्स्टाइन गटाची चर्चा झाली. १९९९मध्ये नेदरलँड्स, नॉर्वे, ब्रिटन आणि जर्मनी यांच्या विकासमंत्री, चौघीही महिला, नॉर्वेतल्या उट्स्टाइनच्या जुन्या मठात भेटल्या आणि धोरणे जुळवण्याचे त्यांनी ठरवले. असा समन्वय व्यक्तींवर आणि त्या त्या देशाच्या राजकारणावर किती अवलंबून असतो, हा बाईंचा मुद्दा मला पटला. ब्रिटनने २०२०मध्ये आपले स्वतंत्र विकास खातेच परराष्ट्र खात्यात विलीन केले.

आता उणिवेविषयी. सहाही शनिवार चर्चा देणाऱ्यांच्या बाजूने झाली; घेणाऱ्याच्या टेबलावर काय येऊन पडते, याला एक तासही मिळाला नाही. आमच्या केंद्रात बाळांचे वजन करण्याचा एक काटा आहे, त्याची किंमत तीन देणगीदारांमध्ये वाटलेली आहे आणि त्यावर तिघांची तीन स्टिकरे आहेत. दोघांना हिशेब जानेवारी ते डिसेंबर लागतो, तिसरा आमचे एप्रिल ते मार्च चालवून घेतो. त्यामुळे एकाच काट्याच्या एकाच बिलासाठी आमचे हिशेबनीस काका तीन विनियोग प्रमाणपत्रे, म्हणजे निधी कशावर खर्च झाला याचे दाखले, तयार करतात. हे तिन्ही देश परिषदांमध्ये एकमेकांशेजारी बसतात, आणि तरीही काकांच्या फायली तीनच राहतात. समन्वयाचे मोजमाप तिथे व्हायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

दुसरे असे की, मुंबईत बसून हा विषय शिकवताना भारताचे नियम वगळून चालणार नाही. २००३मध्ये भारताने मोजके मोठे देणगीदार ठेवून बाकीच्या देशांची थेट सरकारी मदत घेणे थांबवले आणि त्यांना स्वयंसेवी किंवा बहुपक्षीय (अनेक देशांच्या सामायिक) संस्थांचा मार्ग दाखवला. आमच्यासारख्या संस्थांकडे हा पैसा वळला त्यामागे तो निर्णयही आहे. परदेशी देणगी नियमन कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीने परदेशी निधी एका संस्थेने दुसरीकडे वळवणे बंद केले, प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली आणि निधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारणे सक्तीचे केले. तीन देशांनी उद्या एकत्र येऊन एका मोठ्या संस्थेकडे निधी सोपवायचे आणि तिने तो धाकट्या संस्थांना वाटायचा असे ठरवले, तरी इथे ते करता येणार नाही. वर्गात मी हे विचारले तेव्हा बाईंनी मोकळेपणाने मान्य केले की अभ्यासक्रम आखताना हा भाग सुटला.

बाकी व्यवस्था नीटनेटकी होती. टिपणे आदल्या गुरुवारी मिळत, चर्चा मराठीतून करायला मुभा होती, आणि हार्बरने सीएसएमटीला उतरून चालत पोहोचता येत असल्याने शनिवारची दुपार वाया गेली नाही. ज्यांना निधीच्या पत्रांमागचे धोरण समजून घ्यायचे आहे त्यांनी हा वर्ग जरूर करावा. फक्त अहवाल कसा लिहावा हे शिकण्यासाठी जाणाऱ्यांची मात्र निराशा होईल. पुढच्या तुकडीत एक शनिवार हिशेबनिसांसाठी राखून ठेवावा, असे मी अभिप्रायपत्रात लिहून दिले आहे. काका तिन्ही फायली घेऊन यायला तयार आहेत.