पिशवीचा बायोगॅस: हिवाळा, उन्हाळा, पावसाळा काढल्यानंतर

दिवाळीनंतर गोठ्यामागे बसवलेली, रोज दोन घनमीटर गॅस देणारी पिशवीची टाकी. आता पाऊस ओसरत आलाय, म्हणजे तिन्ही ऋतूंची परीक्षा झाली. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूस पट्ट्यात ऊस आणि दुधाचा धंदा जोडीनं करणाऱ्या घरांसाठी हे लिहिलंय. निकाल आधीच सांगतो: दावणीला तीन मोठी जनावरं बारमाही असतील तर जरूर घ्या. एक-दोनच असतील, किंवा जनावरं दिवसभर रानात चरायला जात असतील, तर पैसे घालू नका.

कारण साधं आहे. एक किलो ताज्या शेणातून साधारण 40 लिटर गॅस मिळतो. दोन घनमीटर गॅसला रोज 50 किलो शेण हवं. संकरित गाय किंवा म्हैस बांधून असेल तर दिवसाला पंधरा किलोच्या आसपास शेण देते, गावठी गाय दहा किलो. घरात माणसं किती यावरून टाकीचा आकार ठरवणारे बरेच फसतात. मोठी टाकी अर्धपोटी ठेवण्यापेक्षा छोटी पोटभर चालवलेली बरी.

विटांच्या घुमटाऐवजी पिशवी का? आपल्या नदीकाठच्या काळ्या मातीमुळे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, आणि त्या ओढाताणीत बांधकामाला बारीक चिरा गेल्या की गॅस धरत नाही. पिशवी जमिनीबरोबर हलते. मुरमाड जमीन असेल तर पक्कं बांधकाम जास्त वर्षं टिकतं, तिथं पिशवीचा हट्ट नको.

पहिल्या भरणीला दीड-दोन टन शेण आणि तितकंच पाणी लागतं. शेजारपाजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. उकिरड्यावरचं वाळलेलं शेण चालत नाही. गॅस धरायला दोन-तीन आठवडे जातात. सुरुवातीचा गॅस पेटवू नका, तो मोकळा सोडून द्या. त्यात हवा मिसळलेली असते, आणि तसं मिश्रण भडकू शकतं.

रोजचं काम अर्ध्या तासाचं. शेण आणि पाणी समप्रमाणात, हातानं किंवा फावड्यानं गुठळ्या मोडून कालवायचं. काला आमटीपेक्षा घट्ट, पिठल्यापेक्षा पातळ हवा. पातळ झाला तर शेण आतून न कुजताच बाहेर पडतं, घट्ट झाला तर तोंडाशी तुंबतो. चघाळ वेचून काढलंच पाहिजे. वैरणीच्या काड्या वर तरंगतात, त्यांची जाड साय धरते आणि खालचा गॅस वर येत नाही. शेणाबरोबर आलेली माती-वाळू तळाला बसते ती बसतेच, म्हणून गोठ्याला कोबा हवा. दुष्काळी जत-आटपाडीकडं रोजचं 50 लिटर पाणी जड जात असेल तर गोमूत्र आणि गोठा धुतलेलं पाणी वापरता येतं. मात्र त्यात फिनेल किंवा साबण गेला की आतले जिवाणू मरतात. गाईला कासदाहासाठी अँटिबायोटिक चालू असेल तर जितके दिवस तिचं दूध बाजूला काढता, तितके दिवस शेणही बाजूला टाका.

खरकटं, भाज्यांचे देठ थोडे चालतात. शिळ्या भाताचं पातेलं किंवा गुळाची मळी ओतली की टाकी आंबते. ज्योत धरत नाही आणि बाहेर येणाऱ्या रबडीला आंबूस वास सुटतो. तेव्हा चार-सहा दिवस भरणी बंद ठेवायची, नंतर नुसतं ताजं शेण थोडं थोडं सुरू करायचं.

आता शेगडी. सिलिंडरची शेगडी यावर चालत नाही, मोठ्या भोकाच्या जेटची वेगळीच लागते. एक बर्नर तासाला साधारण 450 लिटर गॅस खातो, म्हणजे भर उन्हाळ्यात दिवसाला चार तास चूल चालते. पाच-सहा माणसांच्या भाकरी, कालवण, चहा, दूध तापवणं निघतं. आच सिलिंडरपेक्षा सौम्य असते. भाकरीला ती उत्तम, डाळ शिजायला थोडा जास्त वेळ. थंडीत चित्र बदलतं. पहाटेचा पारा दहा-बारा अंशांवर आला की जिवाणू सुस्तावतात, गॅस अडीच-तीन तासांवर येतो. पिशवीभोवती पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचा थर आणि काल्याला उन्हात तापलेलं पाणी यानं थोडा फरक पडतो. सिलिंडर मात्र घरात ठेवायलाच हवा.

ज्योत भकभक करायला लागली की नळीत पाणी साचलंय असं समजा. गॅस ओलसर असतो, थंड नळीत त्याचं पाणी होतं. नळीला उतार देऊन सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक बसवून घ्या. बसवणारे इथंच कामचुकारपणा करतात. गंधकाचा वायू काढणाऱ्या फिल्टरमध्ये गंजलेला लोखंडी कीस असतो. तो तांबूस असतो तोवर काम करतो, पार काळा पडला की संपला. बाहेर काढून पातळ पसरून वाऱ्यावर ठेवला की पुन्हा तांबूस होतो. ढीग करू नका, तो तापतो. फिल्टरकडं दुर्लक्ष झालं तर शेगडीचे पितळी भाग झिजतात आणि स्वयंपाकघरात सडक्या अंड्याचा वास येतो.

पिशवीला भोवताली कुंपण आणि वर शेडनेट हवंच. शेळ्या उड्या मारतात, उंदीर कुरतडतात, उन्हानं रबर कडक होतं. गळतीचा संशय आला तर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहा, काडी ओढून कधीच नाही. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचलं की पिशवी उचलली जाते आणि भरणीची नळी सुटते, म्हणून खड्ड्याला निचरा हवा. 2019 आणि 2021 च्या महापुरात जिथं पाणी चढलं होतं, तिथं ही टाकी बसवूच नका.

आणि स्लरी, म्हणजे टाकीतून बाहेर येणारी रबडी. खरं सांगायचं तर ऊसवाल्यानं गॅस हा वरकड फायदा धरावा. रोज जवळपास 100 लिटर आत जातं, तेवढंच बाहेर येतं. चांगली कुजलेली स्लरी काळपट असते, तिला शेणाचा वास नसतो, माश्या बसत नाहीत. वास आला तर काहीतरी बिघडलंय. लोक ती वाळवून पोत्यात भरतात, ते चुकीचं आहे. तिच्यातलं बरंच नत्र अमोनियाच्या रूपात असतं आणि उन्हात ते उडून जातं. ओलीच वापरा. बॅरलला तोटी बसवून पाटाच्या पाण्यात बारीक धार सोडली की सगळ्या सऱ्यांना पोचते. ठिबकमधून द्यायची तर दोनदा गाळावी लागते, नाहीतर ड्रिपर चोंदतात. आमचं मत, ठिबकच्या फंदात पडू नका.

सगळ्यात चांगला उपयोग खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकात. तोडणीनंतर पाचट न पेटवता सरीत दाबायचं आणि त्यावर स्लरी ओतायची. पाचटात कर्ब भरपूर, नत्र अगदी कमी, म्हणून ते एरवी लवकर कुजत नाही. त्यासाठीच त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू कल्चर टाकायची शिफारस असते. स्लरी ओलावा, नत्र आणि जिवाणू तिन्ही देते. पावसाळ्यात सरी उकरून पाहिलं तर स्लरी पडलेल्या जागी पाचट बोटानं चुरगळतं, खाली गांडुळं दिसतात. शेजारच्या कोरड्या सरीत काडी अजून काडीच असते.

अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करा, आणि खड्डा काढण्याआधी करा.