“महाराजांनी तुमचं नाव घेतलंय” : दृष्टांताच्या नावाने पैसे कसे उकळले जातात

फोन बहुधा गुरुवारी येतो, नाहीतर एकादशीच्या आदल्या संध्याकाळी. बोलणारा पैशाचा विषयसुद्धा काढत नाही. “काल शेजारतीनंतर महाराजांनी तुमचं नाव घेतलं. घरात कुणाच्या तब्येतीची काळजी आहे ना?” ऐकणाऱ्या बाईच्या अंगावर काटा येतो, कारण सासूबाईंचं डायलिसिस चालू असतं. पंधरा दिवसांपूर्वी ‘मोफत आध्यात्मिक मार्गदर्शन’ म्हणून मोबाइलवर एक फॉर्म भरला होता आणि त्यात ‘घरातील अडचण’ या रकान्यात आपणच डायलिसिस असं लिहिलं होतं, हे त्या क्षणी तिला आठवत नाही.

हे लिहितोय ते श्रद्धा असणाऱ्यांसाठीच. देव स्वप्नात खूण देतो, पोथी वाचताना एखादी ओवी नेमकी आपल्याचसाठी आली असं वाटतं, मोठ्या निर्णयाआधी मन एकदम शांत होतं. हे अनुभव आपल्याकडे घरोघरी सांगितले जातात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण खरी खूण कोणती आणि मनाची घालमेल कोणती, हे ओळखायला सहसा कुणी शिकवलेलं नसतं. ते शिकवतो म्हणत जो दारात येतो, त्याच्याकडेच माणूस फसतो.

साखळी अशी चालते. आधी व्हॉट्सॲपचा गट आणि त्यावर 11 किंवा 21 दिवसांची ‘दृष्टांत साधना’, अगदी फुकट. पहाटे साडेतीनला उठायचं, जप करायचा, डोळे मिटून बसायचं आणि जे दिसेल ते ‘सेवेकऱ्या’ला खासगीत लिहून पाठवायचं. मेख इथे आहे. रोज झोपमोड झालेल्या माणसाला पहाटेच्या ग्लानीत चित्रं दिसतात, कुणी हाक मारल्यासारखं ऐकू येतं. धडधाकट माणसालाही हे होतं. कुणी लिहितं, “विहीर दिसली.” उत्तर येतं, “बरोबर, तुमच्या घराण्यात पाण्याशी काहीतरी झालेलं आहे, आठवून बघा.” आठवून बघितलं की गावाकडच्या कुठल्या ना कुठल्या घरात पाण्याशी काहीतरी झालेलं असतंच. ते तुम्ही विश्वासाने लिहून पाठवता आणि चार दिवसांनी तेच ‘आदेश’ म्हणून तुमच्याकडे परत येतं.

आठव्या-दहाव्या दिवसापर्यंत एक बदल झालेला असतो, तो फार हळू होतो म्हणून लक्षात येत नाही. सुरुवातीला अर्थ तुम्हीही लावत होता. आता तुम्ही लावलेला अर्थ ‘मनाचे खेळ’ ठरतो आणि त्यांनी लावलेला अर्थ ‘महाराजांचा शब्द’ होतो. पैसा जाण्याच्या आधी हे गेलेलं असतं, आणि आमच्या मते मोठं नुकसान हेच आहे.

गटावर रोज आभाराचे निरोप पडत असतात, तेही खरे असू शकतात. पन्नास जणांना “या आठवड्यात अडलेलं काम मार्गी लागेल” असं कळवलं तर चार-पाच जणांचं लागतंच. ते लिहितात. बाकीचे पंचेचाळीस गप्प बसतात, कारण आपल्याच श्रद्धेत काही कमी पडलं असं त्यांच्या मनात पक्कं भरवलेलं असतं.

मग रक्कम. पहिली 101 ची, ‘फक्त संकल्पासाठी’. नंतर 1,100, 5,100, 21,000. प्रत्येक वेळी अमावस्या नाहीतर ग्रहण तोंडावर आलेलं असतं आणि मुदत रात्री बारापर्यंतची असते. या चार पायऱ्या चढलेल्या माणसाचे 27,301 रुपये गेलेले असतात. आता 51,000 च्या ‘पूर्णाहुती’ला नाही म्हटलं तर आधीचं सगळं फुकट जाईल, उलट ‘अर्धवट सोडलेली सेवा उलटेल’, असं सांगितलं जातं. पैसे संपले की अंगावरचं सोनं ‘शुद्धीकरणासाठी’ मागतात. आणि पहिल्या दिवसापासून एक अट असते : घरात सांगायचं नाही, सांगितलं की फळ जातं.

आता कौलाविषयी, म्हणजे देवाला हो-नाही विचारायच्या रीतीविषयी, थोडं सविस्तर, कारण त्याचं नाव घेऊन होणारी फसवणूक मुंबई-पुण्यातल्या आणि परदेशातल्या चाकरमान्यांना हमखास गाठते. गावच्या देवाला विचारल्याशिवाय त्यांचंही पान हलत नाही आणि गावी जायला मात्र सवड नसते.

कोकणात कौल लावतात, गोव्यात त्याला प्रसाद लावणं म्हणतात. मूर्तीवर किंवा पाषाणावर ठरलेल्या जागी पाण्यात भिजवलेल्या कळ्या किंवा पाकळ्या, काही देवळांत तांदळाचे दाणे, चिकटवतात. गुरव किंवा पुजारी गाऱ्हाणं घालतो, जमलेली मंडळी “व्हय म्हाराजा” म्हणतात, आणि मग पाकळी पडायची सगळे वाट बघतात. उजवीकडची पडली तर उजवा कौल, म्हणजे साधारणपणे होकार, डावीकडची पडली तर डावा, म्हणजे नकार. जागा आणि रीत देवस्थानागणिक बदलते. या पद्धतीतच काही राखण आहे. प्रश्न मोठ्याने आणि चार माणसांदेखत विचारला जातो. उत्तर हो किंवा नाही एवढंच मिळतं. पाकळी पडलीच नाही, तर देव आज बोलत नाही असं समजून माणसं घरी जातात.

व्हिडिओ कॉलवरच्या कौलात यातलं काहीच उरत नाही. कॅमेऱ्यात दगडाचा वीतभर भाग दिसतो, देऊळ कुठलं ते दिसत नाही, पाकळ्या कुणी आणि कशा लावल्या ते दिसत नाही. पाकळी पाण्याच्या पातळ थराने चिकटते आणि थर सुकला की सुटते. एक पाकळी नुसत्या पाण्यात आणि दुसरी घट्ट उगाळलेल्या गंधात बुडवली, तर पाण्यातली आधी गळते. जाड देठाची कळी हलक्या पाकळीच्या आधी घसरते. एवढ्यावर हवा तो कौल मिळतो. त्याच्याही पुढची गोष्ट म्हणजे पाकळी रक्कम सांगू शकत नाही. “देवाने 21,000 ची शांती सांगितली” असं कुणी म्हणालं, तर ते देवाने सांगितलेलं नाही, फोनवरच्या माणसाने सांगितलेलं आहे. खरंच विचारायचं असेल तर गावातल्या भावकीला सांगा. ती देवळात जाऊन तुमच्या नावाने गाऱ्हाणं घालील आणि तिथे उभं राहून डोळ्यांनी बघेल.

बाबा-महाराजांच्या प्रत्यक्ष दरबारात इतर साधनं वापरतात. कोऱ्या कागदावर ‘आदेश’ उमटतो, कारण आधी कांद्याच्या किंवा लिंबाच्या रसाने लिहिलेलं असतं. दिव्यावर धरलं की अक्षरं तपकिरी होतात. चुन्याची निवळी शिंपडून गुलाबी अक्षरं उमटली, तर आधीचं लिखाण फिनॉल्फ्थॅलिन नावाच्या रसायनाचं असतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, त्याला रक्त म्हणतात. नारळाच्या शेंडीत सोडियमचा खडा लपवलेला असला की पाणी शिंपडल्यावर ती पेट घेते.

खरं मार्गदर्शन कसं असतं याचे दाखले आपल्या परंपरेत लख्ख आहेत. तुकोबांना गुरूपदेश स्वप्नात झाला. त्यांच्याच अभंगात सगळा तपशील आहे : गंगास्नानाला जाताना वाटेत गाठ पडली, मस्तकावर हात ठेवला, बाबाजी असं नाव सांगितलं, ‘रामकृष्णहरि’ मंत्र दिला. तिथी माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. आणि गुरूंनी मागितलं काय? जेवायला पावशेर तूप. तेसुद्धा तुकोबांकडून स्वप्नात विसरलं गेलं. तूप दिलं गेलं नाही म्हणून मंत्र अडला नाही, आणि तो मंत्र आज वारीत लहान पोरही म्हणतं, त्यात गुप्त काही नाही. दुसऱ्या स्वप्नात नामदेवराय पांडुरंगाला घेऊन आले, तेव्हा त्यांनी कवित्व करायचं काम सांगितलं. देहूच्या वाण्याच्या अंगावर जन्मभराचं कष्टाचं काम पडलं. खऱ्या संकेताची ही खूण आम्ही सगळ्यात आधी बघतो : तो तुमच्याकडून कष्ट मागतो, माफी मागायला लावतो, व्यसन सोडायला लावतो. त्याची पावती कुणा मध्यस्थाच्या खात्यावर फाटत नाही. वारकऱ्याची माळ घालायची तरी काय लागतं? तुळशीची माळ, मद्य-मांस सोडणं, एकादशी, वारी. दीक्षेचा दर वारकऱ्यांच्या कुठल्याही फडावर लावलेला नसतो.

गुप्ततेच्या अटीबद्दल ख्रिस्ती परंपराही हेच सांगते. 1542 साली गोव्यात उतरलेल्या फ्रान्सिस झेवियर यांचे सोबती इग्नेशियस लोयोला यांनी आतल्या प्रेरणा पारखण्याचे नियम लिहून ठेवले आहेत. त्यात म्हटलंय की सैतान हा चोरट्या प्रियकरासारखा असतो. आपलं बोलणं मुलीच्या बापाला किंवा बाईच्या नवऱ्याला कळू नये, एवढीच त्याची धडपड असते. त्यांचा आणखी एक नियम व्यवहारात फार उपयोगी पडतो : मन खचलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. फसवणारा फोन करतो तो नेमका तुम्ही खचलेले असतानाच.

मग स्वतःचं स्वतः कसं पारखायचं? उशाशी वही ठेवा. जाग आल्यावर, कुणालाही सांगायच्या आत, तारीख, वेळ आणि जे दिसलं तेवढंच लिहा. अर्थ त्याच दिवशी लिहू नका, दुसऱ्या दिवशी शेजारच्या पानावर लिहा. महिन्याने वही उघडा आणि जे घडलं त्यावर बरोबरची खूण करा, जे घडलं नाही त्यावर फुली मारा. फुल्या मारणं महत्त्वाचं, कारण जुळलेलं तेवढंच मन लक्षात ठेवतं. ज्या संकेतावरून पैसा, जमीन, लग्न किंवा नोकरी यांबाबत काही करावंसं वाटतं, तो आधी घरातल्या एकाला आणि बाहेरच्या एका जाणत्या माणसाला सांगा. बाहेरचा माणूस म्हणजे गावचे कीर्तनकार, पॅरिशचे फादर, तुमचे जुने शिक्षक, ज्याला तुमच्या निर्णयातून काही मिळणार नाही असा कुणीही. आठ दिवस थांबा. थांबल्यामुळे ज्याची ‘वेळ निघून जाते’, ते मार्गदर्शन नव्हतं. आणि कुठल्याही दृष्टांतावरून इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, टीबीचा कोर्स किंवा डायलिसिस एक दिवसही थांबवू नका. इथे चूक झाली तर ती निस्तरायला माणूस उरत नाही.

समोरच्याची पारख करायची असेल तर एक साधा उपाय आहे. फॉर्ममध्ये किंवा बोलताना एक निरुपद्रवी गोष्ट मुद्दाम चुकीची सांगा. आजोळ साताऱ्याचं असेल तर वाईचं सांगा. पुढच्या ‘आदेशा’त “वाईच्या घरातली कुलदेवी रुसली आहे” असं आलं, तर तो आदेश कुठून आला ते तुम्हाला कळेल.

पैसे गेले असतील तर क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. यूपीआयच्या व्यवहाराचा 12 अंकी संदर्भ क्रमांक, तारीख आणि वेळ जवळ ठेवा, मग बँकेला लेखी कळवा. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार देता येते. गटातून बाहेर पडायच्या आधी सगळं संभाषण साठवून घ्या, कारण तक्रारीचा वास लागताच समोरून निरोप पुसले जातात. “सेवेचे पैसे परत करतो, पिन टाका” असा फोन आला तर टाकू नका. पैसे यायला पिन लागत नाही, जायलाच लागतो. “अडकलेले पैसे विधी करून सोडवून देतो” म्हणणारा नवा माणूस आला, तर तो बहुधा त्याच टोळीतला असतो, निदान तुमचा नंबर तरी त्याने तिथूनच घेतलेला असतो.

महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं, अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचं भासवून धाक घालणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर उपचार रोखून मंत्रतंत्र करणं यांसाठी त्यात 6 महिने ते 7 वर्षं कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड आहे. पूजा, वारी, कीर्तन, पारायण यांना हा कायदा हात लावत नाही, त्यामुळे तक्रार केली तर धर्माविरुद्ध गेलो असं वाटून घ्यायचं कारण नाही. गोव्यात हा कायदा लागू नाही, पण फसवणुकीचं भारतीय न्याय संहितेचं कलम 318 तिथेही आहे. ताईत किंवा कवचाने आजार बरा होतो अशा जाहिरातींविरुद्ध 1954 चा देशभर लागू असलेला कायदा आहे.

ताईत, भस्माची पुडी, ‘आदेशा’चा कागद, काहीही नदीत सोडू नका आणि जाळू नका. एका पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा, पोलिसांना ते लागतं. आणि घरच्यांनी, विशेषतः शिकलेल्या मुलांनी, आईला “तुला एवढंही कळलं नाही?” असं विचारू नये. ते ऐकलं की ती पुढचे दोन व्यवहार लपवते. जवळ बसावं आणि पहिला प्रश्न हा विचारावा : शेवटचे पैसे किती तारखेला, किती वाजता गेले?