लाउ पा सात, सिंगापूर: एकट्या बाईनं बिनधास्त जेवावं असं ठिकाण

परदेशात एकटीनं जेवायचं म्हटलं की आमच्या विश्रामबागेतल्या मैत्रिणी हॉटेलच्या खोलीत भडंग खाऊन झोपतात. मुद्दाम त्यांच्यासाठी लिहितेय.

१८९४ ची लोखंडी कमानींची मंडई, आत खाण्याचे गाळे आणि मधे सामायिक टेबलं. रिकामी खुर्ची दिसली की विचारून बसायचं. जागा धरायला लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवतात, ते उचलू नका! मी डोसा घेऊन बसले, तर समोर एक कोरियन मुलगी आणि शेजारी पेरू देशातले निवृत्त शिक्षक. मी मांस का खात नाही, हे त्यांनी मनापासून विचारलं, वाद न घालता ऐकलं. मग मी त्यांच्या देवाधर्माचं विचारलं. तासभर बोलत होतो. इतकं मोकळं बोलणं मला घरच्या लग्नाच्या पंगतीतही मिळत नाही.

संध्याकाळी बाजूचा बून टॅट रस्ता बंद करून साते, म्हणजे काडीला लावलेले मांसाचे तुकडे, भाजतात. शाकाहारी असाल तर धुरापासून लांब, आतच बसा. वस्तीतल्या साध्या हॉकर सेंटरपेक्षा, म्हणजे एकाच छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांपेक्षा, इथं महाग पडतं. जेवण झाल्यावर ट्रे स्वतः परत ठेवायचा, नाहीतर दंड होऊ शकतो.