कंटेनर यार्डाची सेवा, ट्रेलरच्या केबिनमधून पाहिलेली

खानदेशातील ज्या रेल्वे कंटेनर यार्डाविषयी हे लिहीत आहे, तेथे गेली सहा वर्षे मी ट्रेलर घेऊन जातो. यार्डाचे नाव देत नाही, कारण उद्या सकाळी तेथेच गाडी लावायची आहे. अशा यार्डांबद्दल मत देणारे बहुतेक जण जिनिंगचे मालक, निर्यातदार किंवा त्यांचे एजंट असतात. त्यांचा संबंध भाड्याशी आणि जहाजाच्या तारखेशी येतो. फाटकावर जाणारे तास त्यांच्या हिशेबात नसतात. ते तास आमच्या वाट्याला येतात, आणि आम्हाला पैसे फेरीवर मिळतात, तासावर नव्हे.

काम सांगायला सोपे आहे. यार्डातून रिकामा कंटेनर उचलायचा, जिनिंगवर किंवा सूतगिरणीत नेऊन भरून घ्यायचा, सील लागले की परत आणायचा. पुढे तो रेल्वेने न्हावाशेवा बंदराला जातो. ४५ वॅगनच्या एका रेकवर, म्हणजे अख्ख्या मालगाडीवर, २० फुटी ९० कंटेनर बसतात, तेव्हा रेक लागण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या एका फाटकाशी काय गर्दी होत असेल हे वेगळे सांगायला नको. मात्र कसारा घाट उतरण्याची दगदग रेल्वेवर पडते, आम्ही तीस-चाळीस किलोमीटरच्या आतच फिरतो आणि रात्रीची भाकरी बहुधा घरीच खातो. पूर्वी मी मुंबई-आग्रा रस्त्यावर लांबच्या फेऱ्या करीत असे, त्यामुळे या एका गोष्टीपायी बाकीचे बरेच काही चालवून घेतो.

यार्डाची खरी जमेची बाजू म्हणजे रीच स्टॅकर, कंटेनर उचलून ठेवणारे यंत्र, चालवणारी माणसे. कंटेनर ट्रेलरवरून उचलण्याआधी कंटेनरला ट्रेलरशी जखडून ठेवणारी चारही कोपऱ्यांतली ट्विस्ट लॉक उघडणे ही ड्रायव्हरची जबाबदारी असते. एखादे जरी बंद राहिले, तरी कंटेनरबरोबर ट्रेलरही वर येऊ लागतो. गेल्या पावसाळ्यात माझे मागचे डावे लॉक चिखलाने अडकले होते. हँडल फिरले म्हणून मी निर्धास्त झालो, पण लॉकचे डोके आत होते तसेच राहिले होते. ऑपरेटरने कंटेनर जेमतेम वीतभर उचलला असेल, तेवढ्यात ट्रेलरची ती बाजू हलकी होताना त्याला दिसली. त्याने कंटेनर होता तसा अलगद खाली ठेवला, एकदा हॉर्न दिला आणि बोटाने नुसता तो कोपरा दाखवला. शिवी नाही, आरडाओरडा नाही. मी हातोडीने लॉक मोकळे करीपर्यंत तो थांबून राहिला, आणि माझ्यामागे तेव्हा सात गाड्या उभ्या होत्या.

रिकामा कंटेनर पारखून घेऊ देतात, हेही या यार्डाचे चांगलेच म्हणावे लागेल. मी आत शिरून क्लीनरला बाहेरून दोन्ही दारे लावायला सांगतो. पत्र्याला भोक असले तर अंधारात तेथे उजेडाचा ठिपका चमकतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना आत मिनिटभरही उभे राहवत नाही, तरीही ही तपासणी मी कधी चुकवत नाही. कापसाची एक गाठ सुमारे १७० किलोची. ती ओली निघाली तर नुकसानीचे बोट निर्यातदाराकडून ट्रान्सपोर्टवाल्याकडे आणि शेवटी ड्रायव्हरकडे वळते. भोक दाखवले की येथे कुरकुर न करता दुसरा कंटेनर देतात.

खिडकीवरचा कारभार मात्र वाईट आहे. कंटेनरचा नंबर म्हणजे चार अक्षरे आणि सात आकडे. त्यांतला शेवटचा, चौकटीतला आकडा आधीच्या अक्षरांवरून व आकड्यांवरून हिशेब करून काढलेला असतो, त्यामुळे मध्ये कोठे चूक झाली तर संगणक नंबर स्वीकारत नाही. एकदा माझ्या पावतीवर तीनच्या जागी आठ पडला होता. भरलेला कंटेनर घेऊन परत आलो तर गाडी आत घेईनात, आणि ज्या खिडकीतून ती पावती निघाली होती तीच खिडकी मला पार्टीकडून दुरुस्तीचे पत्र आणायला सांगू लागली. कंटेनरच्या दारावर हातभर लांबीचा नंबर रंगवलेला होता. चार पावले चालून तो पाहायला कोणी उठले नाही. त्यात चार तास गेले आणि दिवसाची दुसरी फेरी बुडाली. मोफत दिवस संपल्यावर यार्डात पडलेल्या कंटेनरचे भाडे चढते. फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या ट्रेलरचे कोणाकडेच काही चढत नाही.

पिण्याचे पाणी आहे, थंड नाही. संडास एकच आहे, त्याविषयी न लिहिलेले बरे. सावलीला एक निंब आहे आणि तो बहुधा मोटारसायकलींनी अडवलेला असतो. फाटकासमोरच्या ढाब्यावरची शेवभाजी झणझणीत असते, पण ते श्रेय यार्डाचे नाही. रावेर-यावलकडून केळीचा रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, आणणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच फोन करून त्याच्या विजेचा प्लग रिकामा आहे का ते विचारावे; केळी १३ अंशांच्या आसपास ठेवावी लागतात, आणि प्लग मिळेपर्यंत जनरेटर आपल्याच डिझेलवर चालतो.

पाचपैकी तीन तारे देतो, त्यांतले दोन स्टॅकरच्या ऑपरेटरांचे. खिडकीवर पावती हातात पडली की मी आता गाडी लगेच सुरू करत नाही. खाली उतरून कंटेनरच्या दारासमोर उभा राहतो आणि अकराच्या अकरा खुणा बोट ठेवून जुळवतो, मागच्याने कितीही हॉर्न दिला तरी.